काढलेलं बेट नदी पुन्हा तिथंच का बांधते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी तुमचं गाव. २०२१ च्या पुरानंतर दोन उन्हाळे जेसीबी लावून पात्रातलं बेट काढलं. तिसरा पावसाळा उलटला आणि बेट जवळजवळ होतं तिथंच परत. एवढा गाळ येतो कुठून, आणि डोक्याएवढे दगड पाणी वाहून आणतं तरी कसं?

घोळ आहे तो 'गाळ' या शब्दाचा. नदीतून येईल त्या सगळ्याला आपण गाळच म्हणतो. पूर ओसरल्यावर फरशीवर बोटभर बसतो तो गाळ, आणि जेसीबीच्या बकेटमधून खडखडत डंपरमध्ये पडतो तोही गाळच. मी २७ वर्षं नद्यांचं पाणी बाटलीत भरून त्यातला गाळ मोजायचं काम केलं. माझ्या लेखी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. येतात वेगळ्या ठिकाणाहून, प्रवास करतात वेगळ्या रीतीने, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. तुमचं बेट दुसऱ्या जातीचं आहे.

आधी पहिली जात. पूर चढत असताना पुलावरून दोरीला बादली बांधून पाणी काढा (पात्रात उतरू नका) आणि काचेच्या उंच बरणीत ओता. ओतता ओतताच तळाला वाळू बसते. मग पोयटा हळूहळू उतरत राहतो. आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचंच दिसतं. स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला ०.१ मिलिमीटरच्या बारीक वाळूच्या कणाला साधारण दोन मिनिटं लागतात. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला तीन तास. चिकणमातीच्या ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तीन दिवस. कण निम्मा झाला की पडण्याचा वेग पाव होतो, हा भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सचा १८५१ चा नियम बारीक कणांना चांगला लागू पडतो.

आता नदी म्हणजे काही बरणी नव्हे. पुराचं पाणी सतत उसळत असतं. त्यातले भोवरे सेकंदाला १०-१५ सेंटिमीटर वेगाने पाणी वर फेकतात. तीन दिवसांत मीटरभर उतरणाऱ्या मातीच्या कणाला तिथं खाली यायची संधीच मिळत नाही. डोंगरातून निघाला की तो थेट खाडीत. हा बारीक गाळ नदी किती वाहील हे नदीच्या ताकदीवर ठरत नाही. वरून जितका येईल तितका ती नेते. जास्त आला तर जास्त गढूळ, कमी आला तर कमी. त्याचा हिशेब पात्रात नाही, डोंगरात आणि शेतात आहे: दरड कुठं कोसळली, रस्त्यासाठी डोंगर कुठं कापला, मुरमाचे ढीग ओढ्याच्या तोंडाशी कुणी टाकले. २०१९ च्या २ जुलैला रात्री तिवरे धरण फुटलं, तेव्हा पाण्याबरोबर धरणाचा मातीचा भरावही वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरला. असा माल एका रात्रीत येतो आणि त्यातला जाड भाग पुढची कित्येक वर्षं पात्रात टप्प्याटप्प्याने खाली सरकत राहतो.

दुसरी जात म्हणजे वाळू, खडे, गोटे, धोंडे. यांचा हिशेब मात्र पात्रातच होतो. पाण्यात ताकद असेल तेवढंच पाणी उचलतं, ताकद संपली की तिथंच टाकतं.

ही ताकद म्हणजे काय? लोक म्हणतात वेग. वेगाचा भाग आहेच. वेग दीडपट झाला तर पाणी हलवू शकेल त्या सर्वांत मोठ्या दगडाचं वजन सुमारे ११ पट होतं. दुप्पट झाला तर ६४ पट. शिवाय पाण्यात दगड हलका होतो. आपला काळा कातळ, २९ किलोचा धोंडा, पाण्याखाली १९ किलोचाच उरतो. पण पुरात तळाशी वेग मोजणार कोण? म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने जातो. पाणी उतारावरून सरकताना तळाला जे खरवडतं, ते खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरतं. आल्बर्ट शील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने बर्लिनमध्ये प्रयोग करून १९३६ मध्ये मांडलं की अमुक आकाराचा कण हलायला तळावर अमुक इतका ताण लागतो. त्यातून एक ढोबळ सूत्र निघतं, ते मी नव्या मुलांना बोटांवर करायला लावायचो: पाण्याची खोली मीटरमध्ये, गुणिले किलोमीटरमागे किती मीटर उतार, गुणिले साडेतेरा. येईल तेवढ्या मिलिमीटरचा दगड जेमतेम हलतो.

कोकणातल्या नदीला हे लावून पाहा. आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, मोजलेले नाहीत. घाटपायथ्याशी किलोमीटरला १० मीटर उतार, पाणी २ मीटर: उत्तर २७० मिलिमीटर, म्हणजे न सोललेला नारळ. (एवढ्या खडकाळ ओढ्यात हे सूत्र जरा उदार आहे, मोठे धोंडे लहानांना आडोसा देतात.) खाली सपाटीवर उतार किलोमीटरला अर्धा मीटर, पाणी ४ मीटर: २७ मिलिमीटर, आवळा. आणि भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथं उतार किलोमीटरला १० सेंटिमीटर, पाणी ५ मीटर: जेमतेम ७ मिलिमीटर, हरभरा.

नारळ, आवळा, हरभरा. पाणी वरच्यापेक्षा खाली खोल आहे, तरीही दगड लहान होत गेला, कारण उतार मेला. गंगा-गोदावरीला हा बदल व्हायला शेकडो किलोमीटर लागतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला तो काही मोजक्या किलोमीटरमध्ये होतो. घाटातून उतरलेला माल पुढं नेता येत नाही, मागून येणं थांबत नाही. तुमचं गाव बहुतेक या नारळ आणि आवळ्याच्या मधल्या पट्ट्यात असणार.

डोक्याएवढा दगड वाहून आणतं म्हणजे तो तरंगत येतो असं नाही. तो लोळतो, घसरतो, थोडा पुढं जाऊन अडकतो, पुढच्या पुराला पुन्हा निघतो. वाटाण्याएवढे खडे तळाशी टणाटण उड्या मारत जातात, एक खाली पडताना दुसऱ्याला उडवतो. मोठ्या पुरात रात्री काठावर उभं राहिलात तर पाण्याच्या घोंघावण्याखाली एक वेगळा, घुमा गडगडाट ऐकू येतो. तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज आहे तो. घाटमाथ्यापलीकडे कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील, तर तेही याच दगडांचं काम. भोवऱ्यात अडकलेला गोटा गोल फिरत कातळाला भोक पाडत गेला. पाण्याने कातळ कापला असं म्हणतात, पण हत्यार दगडाचंच होतं.

एक उलटी गंमत इथं सांगायला हवी. सगळ्यांत बारीक कण सगळ्यांत सहज सुटतात असं वाटतं ना? तसं नाही. स्वीडनच्या युल्स्ट्रॉमने १९३५ मध्ये फिरिस नदीच्या अभ्यासातून दाखवलं की पाण्याला उचलायला सर्वांत सोपी आहे ती वाळू, मिलिमीटरच्या पाव ते अर्ध्या भागाएवढी. त्याहून जाड कण जड म्हणून हलत नाहीत, आणि चिकणमाती कणाला कण धरून बसते म्हणून सुटत नाही. तुमच्याकडे एका काठाला चिकणमातीची कड आणि दुसऱ्याला वाळूचा थर असेल तर कोणता काठ आधी ढासळतो ते तुम्ही पाहिलंच असेल. मात्र चिकणमाती एकदा सुटली की मग ती गोड्या पाण्यात खाली येत नाही. खाडीत खारं पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, पाण्यात तुरटी फिरवल्यासारखं, आणि त्या गुठळ्या खाली बसतात. खाडीतला तो गुडघाभर मऊ चिखल म्हणजे हा बारीक गाळ. तुमच्या बेटाशी त्याचा संबंध फार थोडा.

आता बेट तिथंच का? वळण आहे का तिथं? बेट आतल्या बाजूला, पात्राच्या कमी खोल अंगाला आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो की आहे. तपेल्यात तांदूळ धुताना पाणी गोल फिरवलं, तर जड तांदूळ कडेला फेकले जायला हवेत. प्रत्यक्षात ते मधोमध ढीग करून बसतात. वरचं पाणी जोरात फिरतं आणि बाहेर ढकललं जातं. तळाचं पाणी घासून मंद झालेलं असतं, ते तळावरून आत येतं आणि सोबत तांदूळ आणतं. नदीच्या वळणावर नेमकं हेच होतं: वरचं पाणी बाहेरच्या काठावर आपटून तो खणतं, तळाचं पाणी आतल्या काठाकडे सरकतं आणि वाळू-खडे तिथं टाकतं. अल्बर्ट आईनस्टाईन यांनी १९२६ मध्ये कपातल्या चहापत्तीवरून हेच समजावलं होतं. पुढं त्यांचा मुलगा हान्स अल्बर्ट याने अख्खं आयुष्य नदीच्या गाळाच्या गणितात घातलं, १९५० ची त्याची पद्धत आजही शिकवतात.

म्हणजे बेट हा चुकून साचलेला कचरा नव्हे. वळण, उतार आणि वरून येणारा माल, यांचा तो निकाल आहे. या तिन्हींतलं काहीच न बदलता तुम्ही फक्त निकाल उचलून नेलात.

त्यात उपसताना सहसा दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही उलट्या पडतात. पहिली, खड्डा. यंत्राला सोयीचं असतं तिथं खोल खणतात. पूर आला की त्या खड्ड्यात पाणी मंदावतं आणि पहिला माल तिथंच पडतो. नदी आधी खड्डा भरते, मग पुढचं बघते. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी पाणी पायरीवरून पडल्यासारखं पडतं आणि ती पायरी पुरागणिक वर सरकत जाते. बेट खाली काढलं आणि पाया उघडा पडला तो वरच्या पुलाचा, असं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय. वाळूउपशाचं खरं नुकसानही हेच, ते उपसा होतो तिथं दिसत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीकरण. रुंद पात्रात जास्त पाणी मावतं, हे खरं. पण तेवढंच पाणी रुंद पात्रात पसरलं की खोली कमी होते, आणि आपल्या सूत्रात खोलीला गुणायचं आहे. ४ मीटरचं पाणी अडीच मीटर झालं की २७ मिलिमीटरचा आवळा १७ मिलिमीटरवर, म्हणजे मोठ्या बोराएवढ्या दगडावर येतो. त्याहून जाड सगळं तिथंच पडणार. नदी रुंद केली की ती स्वतःला पुन्हा अरुंद करायला लागते, आणि तिच्याकडे त्याचं साहित्य असतंच.

मग तटबंदी घाला, असं कुणीतरी सुचवेल. कोसी नदीचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. हिमालयातून उतरणारा प्रचंड गाळ दोन बांधांमध्ये कोंडला, पात्र वर चढत गेलं, आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा इथं बांध फुटून नदी जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली. कोकणची नदी कोसी नाही, पण कोंडलेला गाळ जातो कुठं हा प्रश्न तोच.

हे सगळं वर्षभर चालतं असंही समजू नका. पाणी दुप्पट झालं की गाळ दुप्पट नव्हे, चौपट किंवा त्याहून जास्त होतो, म्हणून वर्षाचा बहुतेक माल मोजक्या दिवसांत जातो. कोकणात ते दिवसही नसतात, तास असतात. आणि त्यातही चढतं पाणी आणि उतरतं पाणी सारखं नसतं. मृगाच्या पहिल्या पुराचं पाणी तांबडंलाल. ऑगस्टमध्ये तेवढीच पातळी आली तरी पाणी फिकट, कारण सुटी माती जूनमध्येच धुऊन गेलेली असते. एकाच पुरात सकाळी पट्टीवर ५ मीटर आणि संध्याकाळी उतरताना पुन्हा ५ मीटर, दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर कुणीही सांगेल या वेगळ्या नद्यांच्या आहेत.

यावरून आमच्या मोजणीचीही एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. नेम असा होता की रोज सकाळी ८ वाजता पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली बाटली बुडवायची. मग चाळून आणि निवळवून तीन भाग करायचे: ०.२ मिलिमीटरहून जाड, ०.०७५ ते ०.२ मधला, आणि त्याहून बारीक. देशावरच्या मोठ्या नद्यांना हे चालतं, तिथं पूर दोन-चार दिवस टिकतो. पण एका कोकणी नदीवर एका वर्षी पूर रात्री दीडला आला आणि पहाटे पाचला ओसरला. आम्ही ८ वाजता बाटली भरली, वहीत मध्यम गढूळ लिहिलं. वर्षाचा सर्वांत मोठा पूर नोंदीतून निसटला. लोळत जाणाऱ्या दगडांचं तर बोलूच नका. ते बहुतेक ठिकाणी मोजलेच जात नाहीत, बाटलीतल्या गाळावर १० ते २० टक्के चढवले जातात. घाटपायथ्याच्या नदीला ही टक्केवारी म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. त्यामुळे नदीत अमुक घनमीटर गाळ येतो असा ठाम आकडा कुणी सांगितला, तर तो बाटलीतला की तळाचा, एवढं विचारून पाहा.

वाशिष्ठीत आणखी एक वेगळेपण आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून वीज करून कोळकेवाडीमार्गे तिच्यात उतरतं. या पाण्याचा गाळ मात्र पलीकडे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातच राहिला. म्हणजे वाशिष्ठीला पाणी दुसऱ्या खोऱ्याचं मिळतं, गाळ फक्त स्वतःचा. स्वच्छ पाणी मोकळ्या ताकदीचं असतं, उतार असेल तिथं तळ धुतं आणि तो माल खाली सपाटीला नेऊन ठेवतं. तुमची उपनदी या मार्गावर नाही, पण मुख्य नदीच्या बेटांबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही.

तर उपसा करूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. पुलाच्या खांबांमध्ये अडकलेला ढीग, दरडीचा एकदाच आलेला माल, वस्तीजवळ पात्र आवळून टाकणारं बेट, हे काढावं लागतं. वाळू-खडे वरून येतच राहणार, तेव्हा काही ठिकाणी तो दर काही वर्षांचा खर्च धरूनच चालावं, घरावरच्या कौलांची शाकारणी करतो तसा. पण काढताना खड्डा नको, तळाचा उतार सलग ठेवायचा. पावसाळ्यातलं सर्वांत कमी पाणी जिथून वाहतं ती नाळ अरुंद आणि खोलच राहू द्यायची, रुंदी हवी तर ती वरच्या टप्प्यात द्यायची. काढलेला माल काठावर रचला तर तो पहिल्या पुरात परत आत, हे सांगायला नको, तरी दरवर्षी तेच दिसतं. आणि वरच्या ओढ्यांत, माल नदीत यायच्या आधी, अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे, बांध घातले तर त्यांमागे जाड माल अडतो. ते भरले की उपसायला सोपे पडतात, कारण तिथं डंपर पात्रात उतरवावा लागत नाही.

हे करण्याआधी एक गोष्ट गावानेच करावी, तिला पैसा लागत नाही. बेटाच्या वर, बेटावर आणि बेटाखाली तीन ठिकाणी दोन्ही काठांवर खुणेचे दगड पुरा आणि त्या रेषेवर दोरी ताणून मे महिन्यात आणि नोव्हेंबरात दर मीटरला तळाची खोली लिहा. कुठं भरलं, कुठं खणलं गेलं, हे तीन वर्षांत वहीच सांगेल. दुसरं, बेटाच्या वर अर्ध्या किलोमीटरवर पात्रातलेच शंभर गोटे निवडा: तीस लिंबाएवढे, चाळीस कैरीएवढे, तीस नारळाएवढे. त्यांना पिवळा ऑइलपेंट लावा, आकडे घाला, आणि जूनच्या आधी पात्रात रेषेत ठेवा, पण मोकळे नाही, आजूबाजूच्या दगडांत रुतवून, नाहीतर ते खोटं लांब जातात. दिवाळीनंतर शाळेच्या मुलांना घेऊन शोधायला निघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शंभरांतले २३ सापडले. लिंबं जवळजवळ सगळी गायब. नारळांतले बरेचसे २०-३० मीटरच्या आत. आणि कैऱ्यांतल्या ११ एकाच ठिकाणी, वळणाच्या आतल्या बाजूला, आदल्या वर्षी उपसलेल्या बेटाच्या नव्या वाळूत अर्ध्या पुरलेल्या.